सुबिलागाच्या जिभेचं हाड

आमच्या सुबिलागाला क्लॅव्हिकल येत होतं, स्टर्नम येत होतं, टिबिया तर ती झोपेतसुद्धा म्हणाली असती. येत नव्हता तो एकच शब्द, हाडाचा साधा इंग्रजी शब्द. बोन. आणि तेवढ्यावरून तिचं नर्स होणं दुसऱ्यांदा हुकायला आलं होतं.

सुबिलागा माझी सून, थोरल्या मुलाची, अंबिलिकिलेची बायको. मला हे सगळं कळलं ते खिडकीतून. आमच्या टुकुयू गावाच्या वरच्या अंगाला जो दवाखाना आहे, त्याच्या आवारातच नर्सिंगची शाळा आहे आणि शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून माझी चहाची चूल. वर्गाची खिडकी बरोबर माझ्या डोक्यावर. आत शिकवतात त्यातलं निम्मं माझ्या कढईत पडतं. मांदाझीचे गोड वडे तळता तळता मी किडनी शिकले, लिव्हर शिकले. उपयोग काही नाही. पण पोरी चहाला आल्या की मी विचारते, "काय गं, किडन्या किती?" त्या हसतात आणि एकेक मांदाझी जास्त घेतात.

त्यांचे मास्तर रुगेमालिरा दूर उत्तरेकडचे, बुकोबा शहराचे. उंच माणूस, खोकल्यासारखं हसणारा. पोरींच्या तोंडात इंग्रजी बसेना म्हणून त्यांनी एक खेळ काढला. दुकानातून साखरेचे रिकामे खोके आणले, ते जोडून त्यावर पुरुषभर उंचीची दोन माणसं काढली आणि कात्रीने त्यांचे तुकडे तुकडे केले. कुठे फुप्फुस, कुठे गुडघा, कुठे बरगडी. सगळे तुकडे दोन टोपल्यांत. वर्गाचे दोन गट. टोपलीतून न बघता तुकडा काढायचा, आधी त्याचं साधं इंग्रजी नाव मोठ्याने म्हणायचं, मग पुस्तकातलं अवघड नाव, आणि मगच तो जमिनीवर जागच्या जागी लावायचा. नाव चुकलं की तुकडा परत टोपलीत. ज्यांचा माणूस आधी पुरा होईल ते जिंकले. हरलेल्यांनी माझ्याकडून चहा नेऊन जिंकलेल्यांच्या हातात द्यायचा.

गोंधळ तर काय विचारू नका. आमच्या बोलीत बोट म्हणजे बोट, हाताचं काय नि पायाचं काय. इंग्रजांनी मात्र पायाच्या बोटांना वेगळं नाव ठेवलंय. त्यावरून रोज भांडणं. एकदा तर एका माणसाच्या पंजाला पायाची बोटं लागली आणि मास्तर म्हणाले, "छान! आता ह्याला माकडांच्या दवाखान्यात पाठवा."

एके दिवशी सुबिलागाने तुकडा काढला आणि गप्प बसली.

"मावशी, म्हणा ना!" झुहुरा ओरडली. ही झुहुरा टांगाची, समुद्राकाठची, वयाने माझ्या नातीएवढी आणि जीभ कात्रीसारखी.

"क्लॅव्हिकल," सुबिलागा म्हणाली.

"ते नंतर. आधी साधं," मास्तर म्हणाले.

पुन्हा गप्प.

"कॉलरबोन, मावशी! बोन! आमच्याकडची बकरीसुद्धा सांगेल. तुमच्यापायी आज पुन्हा आम्ही चहा वाहायचा!"

मी खालून ओरडले, "झुहुरा, तुझ्या जिभेला काही हाड आहे का गं?"

"माझ्या जिभेला नाही आजी, मावशींच्या जिभेला आहे! अडकलंय!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले, खोटं का सांगू.

सुबिलागा पंचेचाळीस वर्षांची. वर्गातल्या बाकीच्या विशीतल्या. एकोणीस वर्षं ती याच दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात सफाईला होती. चादरी, भांडी, फरशी. एकदा एक बाळंतीण आली. मूल आडवं होतं, ओढून काढावं लागलं. फरशी पुसताना सुबिलागाने त्या मुलाला पाहिलं. त्याचा उजवा हात हलत नव्हता आणि कुशीवर वळवलं की ते रडायचं. तिने बोट फिरवलं तर गळ्याखाली काडी मोडल्यासारखं लागलं. तिने नर्सला सांगितलं. नर्स म्हणाली, "बादली उचल." चार दिवसांनी डॉक्टरांच्या लक्षात आलं. मूल वाचलं, बरं झालं, पण त्या चार दिवसांचं रडणं सुबिलागा विसरली नाही. मला म्हणाली, "आई, मला समजलं होतं. पण बादलीवाल्या बाईचं कोण ऐकतं?"

म्हणून ती या वयात शाळेत बसली. दवाखाना सफाईच्या बायकांतून एखादीलाच पाठवतो, तेही एकदाच, आणि परीक्षा फार तर दोनदा देता येते. गेल्या वर्षी ती लेखी परीक्षेत पहिली आली आणि तोंडी परीक्षेत नापास झाली. यंदाही झाली तर पुन्हा बादली, मरेपर्यंत.

संध्याकाळी घरी केळी सोलताना मी तिला विचारलं, "का गं, तो शब्द एवढा अवघड आहे?"

तिने सोललेलं केळं पाण्यात टाकलं. मग खाली मान घालून म्हणाली, "आई, तुम्हीच तर शिकवलंत."

"मी? मला कुठलं इंग्रजी!"

"तुम्ही मला शिकवलंत, त्यांच्या नावाचा एक तुकडासुद्धा तोंडात येता कामा नये."

माझ्या हातातला सुरा थांबला. माझ्या नवऱ्याचं नाव किबोना. लिहायला हाताला मनाई नाही म्हणून लिहिते. आमच्यात सुनेने सासऱ्याला तोंड दाखवायचं नाही. तो वाटेने आला तर तिने गवतात उतरून पाठ करायची. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नावासारखा वाजणारा शब्दही नाही. आमच्या बोलीत बघण्याचा जो शब्द आहे त्यातही ते नाव डोकावतं, म्हणून सुबिलागा लग्नापासून कधी 'बघितलं' म्हणत नाही, 'डोळ्यांनी गाठलं' म्हणते. आणि आमच्या तोंडात इंग्रजी शब्द शेवटी हेल काढल्याशिवाय थांबतो कुठे? बोनचं होतं बोना. किबोना, बोना. चोवीस वर्षांपूर्वी मीच तिला चुलीपाशी बसवून हे पढवलं होतं, वर दटावलंही होतं, "जीभ घसरली तर पोटची पोरं आजारी पडतात."

आणि ती माझ्या धाकाने सगळी अवघड नावं पाठ करून बसली होती, साधं टाळायला. एवढी वळणं घेऊन कुणी नदी पार करतं का?

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना चहा देताना सांगितलं. ते आधी खोकल्यासारखं हसले. मग कप खाली ठेवला. "आजी, मला वाटत होतं बाईंचं डोकं चालत नाही. मी त्यांना वर्गासमोर तसं म्हणालोही." कप पुन्हा उचलत म्हणाले, "पण म्बेया शहराहून येणाऱ्या परीक्षक बाईंना मी काय सांगू? या बाईंना माणसाचं सगळं शरीर येतं, फक्त हाडं सासऱ्यांची आहेत?"

"मोकळीक द्यायची रीत आहे," मी म्हटलं. "पण ती सासऱ्यानेच द्यायची असते."

माझा म्हातारा अंगणात खाट टाकून रेडिओच्या बॅटऱ्या उन्हात वाळवत होता. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे गोऱ्यांच्या अंगात जे कठीण असतं ते मी?" त्याने विचारलं.

"हो रे अंबिलिकिलेच्या बापा, तूच."

"किती हाडं असतात माणसात?"

"दोनशे सहा म्हणतात."

"दोनशे सहा!" तो खूश झाला. बॅटऱ्या उलट्या केल्या. "आणि प्रत्येकात मी. राणीच्यासुद्धा."

"मग दे तिला मोकळीक."

त्याचा चेहरा मिटला. "नाही."

"का रे?"

"पोरगा माझं ऐकतो? नातवंडं त्या टेलिफोनमध्ये तोंड घालून माझ्या खाटेवरून उडी मारून जातात. चहाच्या मळ्यात मी तीस वर्षं मुकादम होतो, आता तिथला पोऱ्या मला 'ए म्हाताऱ्या, बाजूला हो' म्हणतो. या जगात माझ्यासाठी वाट सोडून गवतात उतरणारं एकच माणूस उरलंय. तेही सोडू?"

मी भांडायला आले होते, ती न भांडताच उठले. मी घरात गेले. रात्री त्याच्या ताटात केळ्यांबरोबर घेवडा थोडा जास्त वाढला, एवढंच.

परीक्षेला पाच दिवस उरले. मी सुबिलागाला म्हटलं, "माझ्या नावावर पाप घाल आणि म्हणून टाक." ती म्हणाली, "आई, मी न्हाणीत तोंडावर हात ठेवून म्हणायला गेले. शब्द दातांपर्यंत येतो आणि परत जातो. त्यांनी म्हटल्याशिवाय नाही येणार तो."

तीन दिवस उरले तेव्हा दुपारी चुलीपाशी काठीचा आवाज आला. बघते तर म्हातारा! डोक्यावर कोट घेतलेला, काखेत काहीतरी गुंडाळलेलं. दवाखान्याच्या आवारात तो आजवर कधी आला नव्हता, दाढ दुखली तेव्हासुद्धा. माझ्या स्टुलावर खिडकीकडे पाठ करून बसला. वर आत खेळ चालू होता.

"चहा दे," म्हणाला. "आणि तिच्या पाळीला सांग."

मी कान लावून बसले. झुहुराने पोट लावलं. कुणीतरी पायाचं बोट हाताला लावलं, आरडाओरडा झाला. मग मास्तर म्हणाले, "सुबिलागा बाई." टोपलीतला पुठ्ठा खरखरला. आणि शांतता.

मी म्हाताऱ्याला खुणावलं.

त्याने काठी भिंतीवर आपटली. वर्ग चिडीचूप. सुनेशी थेट बोलायचं नाही, म्हणून तो माझ्याशी बोलला, पण अशा आवाजात की पलीकडच्या वॉर्डातल्या बाळंतिणींनीही ऐकलं असेल.

"अंबिलिकिलेची आई! आत एक बाई आहे तिला सांग."

"काय सांगू?"

"सांग, माझं नाव माझ्या आईने ठेवलं, ते माझ्यापाशी आहे. ते कुणी नेलेलं नाही. ही खोक्यावरची हाडं इंग्रजांची आहेत. त्यांना त्यांचं नाव परत करायला माझी ना नाही."

"सांगते."

"आणखी सांग, मी तिच्यासाठी कापड आणलंय. रिकाम्या हाताने मोकळं करत नाहीत." त्याने काखेतली गुंडाळी माझ्या मांडीवर टाकली. नवा किटेंगे होता, कमरेला गुंडाळायचा, निळा, त्यावर पिवळ्या कोंबड्या. रंग निवडणं त्याला कधी जमलंच नाही. मी ते दोन्ही हातांनी खिडकीच्या गजांतून आत सरकवलं. आतून एका हाताने ते धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.

"बोन," असं काहीतरी ऐकू आलं. चिमणीने पाणी प्यावं तेवढं.

"मास्तर, ऐकू नाही आलं," झुहुरा म्हणाली. पण या वेळी ती टोमणा मारत नव्हती.

"बोन. कॉलरबोन. क्लॅव्हिकल," सुबिलागा म्हणाली, आणि पुठ्ठा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग पोरींनी टाळ्या पिटल्या. त्यांतल्या निम्म्यांना कळलंही नव्हतं की काय झालं. पोरी टाळ्या कुठेही पिटतात.

म्हातारा चहा संपवून उठला. "झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"दोनशे सहा," तो पुटपुटला आणि उतारावरून निघाला. मला तो नेहमीपेक्षा बुटका दिसला. की उतार होता म्हणून, कोण जाणे.

परीक्षेच्या दिवशी मी चूल पेटवली नाही, धुराने ऐकू येत नाही म्हणून. परीक्षक बाईंनी तुकडे दाखवायला सुरुवात केली. फुप्फुस बरोबर. किडनी बरोबर. मांडीचं हाड आलं. मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. सुबिलागा आधी साधं नाव म्हणाली, मग अवघड.

"मोठ्याने," बाई म्हणाल्या.

ती इतक्या मोठ्याने म्हणाली की भिंतीवरची कोंबडी उडाली.

आता तिला पांढरा झगा मिळून दीड वर्ष झालं. बायकांच्या वॉर्डात ती जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या गळ्याखाली बोट फिरवते, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. सफाईची नवी बाई काही सांगायला आली तर हातातलं काम ठेवून ऐकते. झुहुरा तिच्याच वॉर्डात आहे आणि तिला अजून 'मावशी' म्हणते, फक्त हळू आवाजात.

म्हाताऱ्याला वाटलं होतं, आता आपल्यासाठी वाट सोडणं संपलं. पण परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी तो विहिरीकडे निघाला, समोरून सुबिलागा डोक्यावर पाणी घेऊन येत होती. मी दारातून बघत होते. ती हंड्यासकट गवतात उतरली, पाठ केली, आणि तो जाईपर्यंत तशीच उभी राहिली. त्या दिवशी म्हातारा विहिरीवर दोनदा गेला. पाणी एकदाही आणलं नाही.

घरात ती अजून 'डोळ्यांनी गाठलं' असंच म्हणते. मी एकदा म्हटलं, "तुला तर मोकळीक मिळालीय गं." तर म्हणाली, "आई, ती दवाखान्यापुरती घेतली मी."

माझं वेगळं आहे. माझ्या सासऱ्यांचं नाव मिठाच्या शब्दाला लागून होतं. बावन्न वर्षं मी मिठाला 'समुद्राचं' म्हणते. परवा चुलीपाशी कुणी नाही असं बघून मी म्हणायला गेले. तोंड उघडलं. सासरे जाऊन चाळीस वर्षं झाली, मला कापड कोण देणार? तेवढ्यात वॉर्डातून झुहुरा आली, उकडलेली केळी घेतली आणि म्हणाली, "आजी, मीठ आहे का?"

"समुद्राचं आहे," मी म्हटलं, आणि वाटी सरकवली.