दोन सारख्या डब्या

बंगळुरात मल्लेश्वरमला आमच्या समोर राहणाऱ्या कानडी अक्का माणसाच्या चेहऱ्याआधी मनगट बघतात. मेंदूतले निरोप पेशींवर नेमके कुठे उतरतात, हे शोधण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली आणि उरलेली त्वचेच्या अभ्यासात. 'विषय बदललाच नाही, नसांच्या मागे मागे कातडीपर्यंत आले,' असं त्या ठणकावून सांगतात.

आईच्या हातांना पुरळ नसताना खाज सुटायची. डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ आहेत. अक्का म्हणाल्या, "मनाचे नाहीत मावशी, नसांचे." आणि त्यांनी प्रत्येक हातासाठी एक अशा दोन सारख्या डब्या दिल्या. एकीत त्यांच्याच संशोधनातून निघालेलं मलम होतं, दुसरीत औषधाविना नुसतंच. कुठलं कुठे, ते काही केल्या सांगेनात. "स्वल्प थांबा," एवढंच.

काही दिवसांनी आई म्हणाली, "अक्का, डावा हात अगदी शांत झालाय."

अक्का खुदकन हसल्या. औषध उजव्या हाताच्या डबीत होतं.

आता त्या काहीतरी सबब काढणार, असं मला वाटलं. त्यांनी आईचं डावं मनगट उजेडाकडे धरून निरखलं. "सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या, "आता दोन्ही हातांना डाव्या हाताचंच लावा. माझं मलम हरलं तर हरलं, खाज कशाला जिंकायला हवी?"