मागच्या खोलीतली रेंज

गोंदियाहून नागऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर आहे. खाली तीन खोल्या, वर एक. वरच्या खोलीत बसून मी व्यापाऱ्यांचे टॅक्सचे रिटर्न भरते, म्हणून इंटरनेट घेतलं तेव्हा वायफायचा डब्बा माझ्या टेबलावरच लावून घेतला. खालपर्यंत रेंज येईल का, असं नवऱ्यानं विचारलं होतं. येईल, मी म्हटलं. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, फोनचं नेटचं रिचार्जही मीच बंद करायला लावलं. घरात वायफाय असताना कशाला?

मामाजींना कमी ऐकू येतं. फोनवरचं बोलणं नीट समजत नाही, पण समोरच्याचे ओठ दिसले की बरंच कळतं. म्हणून केशोरीच्या आत्याबाई, त्यांची मोठी बहीण, त्यांना व्हिडिओ कॉलच करायच्या. धानाची रोवणी कुठवर आली, कोणाकडे पाहुणे आले, सगळं सांगायच्या. मामाजी मागच्या खोलीत खाटेवर बसून हसत ऐकायचे.

वायफाय आल्यावर ते हळूहळू बदललं. "काय? काय म्हणून राहिली?" एवढंच खोलीतून ऐकू यायचं. मग ते फोन उचलेनासे झाले. आत्याबाईंनी मला फोन करून विचारलं, "काऊन वो, माह्यासंग बोलाले त्याले आता जड होऊन राहिलं का?"

"नाही हो आत्याबाई, त्यांना ऐकूच येत नाही आता," मी सांगितलं.

आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. नवं मशीन आणलं. तरी फोनवर तेच. समोर बसून बोललं की त्यांना आधीइतकंच समजत होतं, पण तिकडे माझं लक्षच गेलं नाही. मी जेवायला हाक मारायची तीसुद्धा शेजारी दचकतील अशी. संध्याकाळी नागऱ्याच्या देवळाजवळ चार म्हाताऱ्यांत बसायला जायचे, तेही त्यांनी सोडलं. मला वाटलं, वय झालं.

मग वरची खोली रंगवायला काढली. डब्बा वरच ठेवून मी लॅपटॉप घेऊन दिवसभरासाठी मामाजींच्या खोलीत आले. ते अंगणात बसले होते. एका धानाच्या व्यापाऱ्याशी व्हिडिओवर बोलणं सुरू झालं आणि त्याचा चेहरा थिजला. तोंड अर्धं उघडं, आवाज तुटक.

"क्या? फिर से बोलिए," मी म्हणाले. चेहरा हलला, पुन्हा अडकला. "क्या? क्या बोले आप?"

माझाच आवाज मला ऐकू आला. मामाजी याच खोलीतून असंच विचारायचे. लॅपटॉपच्या कोपऱ्यात रेंजची एकच बारीक रेघ होती.

दुसऱ्याच दिवशी कनेक्शनवाल्याला बोलावून डब्बा जिन्याजवळच्या भिंतीवर, घराच्या मधोमध आणला. तिथून वायर ओढून मागच्या खोलीत दुसरा छोटा डब्बा लावला. संध्याकाळी मीच आत्याबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मामाजींच्या हातात दिला.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "दिसून राहिली बाई तू. बोल."

त्या दोघांचं बोलणं संपेपर्यंत मी स्वयंपाकघरात उभी राहिले. गॅसवर काही नव्हतं.

रात्रीच्या जेवणानंतर मी त्यांच्याजवळ बसले. "मामाजी, फोनमध्ये चित्र अडकतं, हे तुम्ही सांगितलं काऊन नाही?"

"तुमीच त म्हणत होते, कान गेले. मले वाटलं, गेलेच असतीन."

"कान नव्हते गेले. तो डब्बा मी माझ्यासाठी वर लावला होता. चूक माझी."

"असू दे," ते म्हणाले आणि पांघरूण ओढून घेतलं. नवऱ्याला सांगितलं तर तोही म्हणाला, "झालं ना आता ठीक?"

आत्याबाईंशी बोलणं आता रोज होतं. पण देवळाकडे ते गेले नाहीत. "लोक बोलतात, मले समजत नाही, मंग हसतात," म्हणतात. मी म्हणते, समजतं तुम्हाला, मी बघते ना. ते मान हलवतात. कान गेले, हे माझं म्हणणं त्यांनी खरं मानलं होतं. समजतं म्हटलं, तर आता मानत नाहीत. काल मी नवऱ्याला म्हटलं, तू सोबत जा त्यांच्या, निदान पहिले काही दिवस. तो हो म्हणाला आहे.