केळी सरनी का डावं

मामेभावाने मला शेजारच्या सीटवर बसवलं ते माझ्या एकाच गुणावर. मी मामाकडे गेले होते. अंगणात तो आपल्या जुन्या जिप्सीखाली आडवा पडला होता. खालूनच त्याने विचारलं, "तुले गाडीम्हा वाचताना उलटी व्हस का?" मी म्हटलं, नाही. धुळ्याहून चोपड्याला येताना एसटीत मी अख्खा पेपर वाचते, शब्दकोड्यासकट. "मंग चाल," तो म्हणाला. संपली मुलाखत. त्याचा नेहमीचा जोडीदार काविळीने अंथरुणाला खिळला होता आणि सातपुड्याच्या पायथ्याची हौशी लोकांची रॅली तोंडावर आली होती.

रॅली म्हणजे शर्यत, असं मी समजत होते. तिथे गेल्यावर कळलं की गाड्या एकमेकींना दिसतसुद्धा नाहीत. थोड्या थोड्या वेळाने एकेक गाडी जंगलाच्या बंद रस्त्यावर सोडतात आणि घड्याळ लावतात. चालवणाऱ्याने फक्त चालवायचं. पुढचं वळण कुठल्या बाजूला, किती कडक, हे शेजारच्याने आधी लिहून आणलेल्या कागदावरून वाचून सांगायचं. डावं एक म्हणजे जवळजवळ उलटं फिरायचं, डावं पाच म्हणजे नुसतं वाकायचं. हे मला दोन दिवसांत शिकवलं गेलं आणि तिसऱ्या दिवशी मी त्यातलं निम्मं उलटं सांगत होते. आईने फोनवर विचारलं, "म्हणजे जीपमध्ये बसून पाढे म्हणायचे?" मला रागच आला, पण दुसरं काय सांगावं तेही सुचेना.

तरी ती सीट मला हवी होती. एका रॅलीपुरती नाही, कायमची. जोडीदार बरा झाला की तो परत येणार, हे मला माहीत होतं आणि त्या बिचाऱ्याची कावीळ जरा लांबावी, असंही एक-दोनदा मनात येऊन गेलं. कारण सरळ आहे. माझ्या सांगण्यावरून आमच्या घरात कुणी कधी पंखासुद्धा बंद केला नव्हता. आणि इथे हा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा माणूस, ज्याला मी लहानपणापासून भाऊ म्हणते आणि ज्याच्यापुढे पाय पसरून बसत नाही, तो सांगत होता, "तू सांगशी तठेच मी वळसू."

आदल्या रविवारी आम्ही रस्ता बघून आलो. तो हळूहळू चालवत बोलत होता, मी लिहीत होते. आमच्याकडे रस्ता कुणाला विचारा, तो शेतांवरूनच सांगणार. कापूस लागला की थांबा, तुरीपासून खाली उतरा. भाऊही तसंच बोलला. पायथ्याला रस्त्याच्या डाव्या हाताला केळीचा लांबलचक बाग होता, एवढा दाट की पलीकडचा डोंगर दिसेना. तो संपला की रस्ता डावीकडे सागाच्या जंगलात शिरतो. "लिख," तो म्हणाला, "केळी सरनी का डावं तीन." मी तसंच लिहिलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

रॅलीच्या सकाळी मला काहीच धड कळत नव्हतं. हेल्मेटातल्या मायक्रोफोनमुळे माझा आवाज माझ्याच कानात वाजत होता आणि तो मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. झेंडा खाली झाला, गाडी उसळली आणि कागदावरची अक्षरं नाचायला लागली. मी वाचत होते, पण वाचते ते आत्ताचं की मघाचं? मी उजवं चार म्हणेपर्यंत उजवं येऊन गेलंय असं वाटायचं, मग ते पुढेच असायचं. हेल्मेटच्या काचेमागे भाऊचा चेहराही दिसत नव्हता. मग बाग लागला. मी बोट ओळीवर ठेवलं, मान वर केली, केळी संपताना दिसली आणि मी ओरडले, "डावं तीन!"

तो वळला. रस्ता नव्हता.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. काळी भुसभुशीत माती काचेवर आली, आडव्या पडलेल्या खोडांवरून गाडी दणदणत गेली आणि गोळा करून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्यांच्या ढिगात रुतून बंद पडली. समोर मोकळं वावर होतं. अर्ध्या बागातला माल उतरवून झाडं पाडली होती आणि ट्रॅक्टर आत-बाहेर करायला रस्त्याच्या कडेला चांगली रुंद वाट केली होती. आठवड्यापूर्वीची केळीची भिंतच निम्मी उरली होती. खरं वळण पुढे होतं, इथूनही दिसत होतं, कारण आता मध्ये काहीच नव्हतं.

वावराचे मालक, एक धिप्पाड नाना, हातातली कोयती तशीच घेऊन धावत आले. "अरे, रस्ता पुढे शे! आठे तं मनं वावर शे!" मग त्यांनी भाऊला ओळखलं आणि ते आणखीच चक्रावले. "आनि तुले माहीत नही का? परवा तूच तं आठून माल भरी लई गया!"

मी भाऊकडे बघितलं. खरंच, त्याचा धंदाच तो. बागाबागांतून केळी उचलून पिकअपने पोहोचवायची. ह्याच बागातली केळी त्याच्याच पोरांनी परवा उतरवली होती. तो खाली वाकून चाकाला गुंडाळलेली नळी कापत होता. नानांनी शिव्या देत देतच ट्रॅक्टर आणला, साखळी लावली आणि आम्हाला रस्त्यावर ओढून काढलं. तोवर आमच्या मागच्या गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या होत्या. वेळेचं तर बोलायलाच नको.

आम्ही परत आत बसलो. मला त्याने शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. निदान त्याने हसावं. काहीच होईना तेव्हा मीच विचारलं, "तुला माहीत होतं ना, की बाग निम्मा कापलाय?"

"माहीत व्हतं."

"वळण पुढे आहे हे दिसत होतं?"

"दिसत व्हतं."

"मग वळलास कशाला?"

त्याने पट्टा ओढून बसवला. "तू सांगं ना. तुनं नही ऐकं तं तुले बसाडं कसाले?"

हे ऐकून आनंद व्हायला हवा होता, नाही का? मला हेच तर हवं होतं. पण मला भीती वाटली, खरीखुरी. डोळ्यांना दिसत असूनही हा माणूस माझ्या एका शब्दावर शेतात घुसला होता. उद्या शेताऐवजी दरी असली तर? हा विश्वास की वेडेपणा, आणि असं कुणी ऐकणारं आपल्याला हवंय तरी का, काही म्हणता काही ठरेना. सुटका करून घ्यावी म्हणून मी म्हटलं, "भाऊ, तुझा जोडीदार पुढच्या महिन्यात बरा होईल ना?"

"तो कधीना बरा व्हयना," भाऊ म्हणाला. "रस्ता दखाले गऊत, त्याना आधीच."

म्हणजे आम्ही रस्ता बघायला गेलो त्याच्या आधीच तो बरा झाला होता, आणि तरी भाऊने मला बसवलं होतं. इंजिन चालू होतं, रस्ता समोर सरळ मोकळा होता, पुढचं वळण आंधळ्यालाही दिसलं असतं. पण भाऊ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसता बसून राहिला. मी वाचल्याशिवाय तो गाडी हलवणार नव्हता.