शिवलिंगप्पा मास्तरांचा अर्ज
शिवलिंगप्पा मास्तर इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगत, पण त्याचं वाक्य मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचंच करायला लावत. खोटं वाक्य त्यांना चालायचं नाही. 'राजा हत्तीवर बसला' असं कुणी लिहिलं की विचारायचे, "कुठला राजा? तू बगितलास व्हय?" आणि वाक्यावर काट मारायचे. मी त्यांच्या हाताखालचा दुसरा मास्तर. त्यांच्या या हट्टाचं मला कधी हसू यायचं, कधी डोकं उठायचं.

निजामाचं राज्य होतं. सरकारी शाळा उर्दूतून, तीही चार कोसांवर. सास्तूरकडच्या आमच्या गावात मास्तरांनी देवळामागच्या पडवीत मराठी शाळा काढली. अठ्ठावीस पोरं. मास्तरांना बायको नव्हती, शेत भावाकडं. त्यांचं जे काही होतं ते ही पडवीच.

एक दिवस त्यांनी फळ्यावर 'एन्फोर्स' लिहिलं. म्हणाले, "कायदा लिहिला की झालं न्हाय. तो पाळायला लावायचा, त्याला एन्फोर्स करणं म्हणत्यात. आपली मर्जी पाळायला लावली तर ती दंडेली. अन् जो पाळायला लावतो त्यानं सोता आदी पाळायचा." मग नमुन्याचं वाक्य लिहिलं: मास्तर शाळेत कायदा पाळायला लावतात. पुढं बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, आपल्या शाळेला सरकारची परवानगी हाय का?"

परवानगी नव्हती. खाजगी शाळेला ती लागते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मास्तरांनी स्वतःच्या वाक्यावर काट मारली.

संध्याकाळी ते तालुक्याला अर्ज लिहायला बसले: शाळा बिनपरवाना चालू आहे, परवानगी मिळावी. मी हात जोडले. "मास्तर, गप बसा की. कोण इचारायलंय आपल्याला?"

"उद्या लेकरांपुढं कोणत्या तोंडानं उभा राहू?" ते म्हणाले.

पंधरवड्यात जमादार कुलूप घेऊन आला. माणूस वाईट नव्हता. हुकूम वाचताना तोच ओशाळला. "मास्तर, तुम अर्जी नै देते तो हमना मालूम बी नै था." मास्तरांनी पाट्या ज्याच्या त्याच्या हातात दिल्या आणि बाहेर आले. पुढं त्यांनी अर्जांवर अर्ज केले. एकालाही उत्तर आलं नाही.

दोन वर्षांनी निजामी गेली, कुलूप निघालं. शाळा उघडली त्या दिवशी मास्तरांनी जुनंच हजेरीपुस्तक आणलं आणि अठ्ठावीस नावं पुकारली. तीन पोरं 'हजर' म्हणाली. बाकीची कुणी गुरांमागं, कुणी सोलापूरला गिरणीत. चार मुलींची लग्नं झालेली, प्रश्न विचारणारी त्यांतलीच. नावागणिक मास्तर दाराकडं बघायचे. मला ते बघवेना.

पोरं गेल्यावर म्हणाले, "खरं सांगा, चूक कुणाची?"

दोन वर्षांचा राग माझ्या मनात होता. "तुमची," मी म्हणालो.

"व्हय," एवढंच ते बोलले. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. येतील आपले आपण, म्हणून मीही बोलवायला गेलो नाही. मार्गशीर्षात ते गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी त्यांचाच वर्ग घेत होतो.

कुलूप सरकारनं घातलं होतं. एवढं साधं उत्तर त्या दिवशी मला सुचलं नाही.