एकच लेन्स, किती नवऱ्या?

मित्रहो, आज रागातच लिहितो आहे.

भाचीच्या लग्नाला पाच दिवस झाले आणि तिचा उजवा डोळा लालबुंद. सकाळी गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. बुबुळावर जंतुसंसर्गाची जखम आहे. नजर पूर्ण परत येईल का, ते आज सांगता येत नाही म्हणाले.

लग्नात पार्लरवालीने तिला घाऱ्या रंगाच्या लेन्स भाड्याने लावल्या होत्या. तडक त्या पार्लरमध्ये गेलो.

"अहो भाऊ, दर नवरीनंतर धुऊनच लावतो आम्ही! प्यायच्या कॅनच्या पाण्यानं."

लेन्सला कोणतेही पाणी लावायचे नाही, एकीची लेन्स दुसरीला घालायची नाही, हे डॉक्टरांनी तासापूर्वीच बजावले होते. आणि इथे खुर्चीत दुसरी नवरी, समोर त्याच लेन्सची डबी उघडी.

मी त्या मुलीला सगळे सांगितले. तिची आई भडकली, "हळद लागलेल्या पोरीसमोर असं अशुभ कायले बोलून राहिले?"

रोज देवापुढे हात जोडणारा माणूस आहे मी. डोळा वाचवणारा शब्द अशुभ कसा?

त्या नवरीनेच डबी बंद केली.

लग्नाच्या दिवशी माझ्या भाचीच्या खुर्चीजवळ आम्ही दहा जण उभे होतो. एकानेही विचारले नाही, ही लेन्स आधी कोणाच्या डोळ्यात होती? तुम्ही विचाराल का?