आत्याचा पडदा

आत्याच्या डोळ्यांत जायचे थेंब त्या दिवशी माझ्या डोळ्यांत गेले. थेंब घालणाऱ्या ताईंचा यात काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्या कामावर नव्या होत्या. आत्या पाणी प्यायला उठली होती, आणि रांगेतली तिची खुर्ची कुणी बळकावू नये म्हणून मी तिच्यावर पहारा देत होतो. म्हणजे बसलो होतो. ताई आल्या आणि त्यांनी रीतसर विचारलं, "पडदेवाले?" त्या दवाखान्यात आत्याला पडदेवाल्या म्हणूनच ओळखतात, तेव्हा मी तिच्या वतीनं छाती पुढे काढून म्हटलं, "हो!"

"वर बघा."

पांढऱ्या कोटातल्या माणसानं वर बघा म्हटलं की वर बघायचं, जीभ काढा म्हटलं की काढायची, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं आहे. मी वर बघितलं. "थोडं चुरचुरेल हं," ताई म्हणाल्या. माझं का चुरचुरावं, असा प्रश्न मला पडला खरा. पण तो तोंडापर्यंत येईतो दोन्ही डोळ्यांचं काम उरकलं होतं.

आत्या परत आली, तिनं माझ्या गालांवरचे ओघळ बघितले आणि मटकन खाली बसली. "काय रे, रडायला काय झालं? माझा रिपोर्ट आला की काय?"

त्या थेंबांनी बुबुळातली बाहुली अशी फाकते की ऊन भाल्यासारखं आत घुसतं आणि हातातलं घड्याळ वाचता येत नाही. म्हणून तर पेशंटबरोबर सोबत आणायला सांगतात. आता सोबतच आंधळी झाली. आत्यानं दुसऱ्यांदा रांगेत बसून स्वतःचे थेंब घालून घ्यायला साफ नकार दिला, डोळ्याच्या आतल्या फोटोची तारीख पुढची घेतली, आणि माझं मनगट धरून मला घरी नेलं. "पायरी आहे, उतर. आता खड्डा. अरे, तो खांब आहे, त्याला काय 'सॉरी' म्हणतोस?" एका भल्या गृहस्थानं आम्हाला रस्ता ओलांडून दिला आणि हळहळून विचारलं, "मुलगा का?"

"भाचा," आत्या म्हणाली. "जन्मापासून असाच आहे."

तर अशी ही माझी आत्या. जन्मभर तिनं लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवले. घराच्या पुढच्या खोलीत कापायचं लांबलचक टेबल, खिडकीशी मशीन, भिंतीला टेकून उभे कापडाचे तागे, आणि आत्याच्या तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात धरून ती बोलते, हसते, फोनवर भांडते. एकही टाचणी कधी पडलेली नाही. लहानपणी मला वाटायचं, आत्याला दातांची ही एक जादा रांग देवानंच दिली असावी. तिचं एक ब्रीद आहे: पडद्याचं माप खिडकीला विचारायचं, गिऱ्हाईकाला नाही. गिऱ्हाईक नेहमी कमी सांगतं आणि मग म्हणतं, तुम्हीच आखूड शिवलात.

अशा बाईच्या हातून एक दिवस शिवण वाकडी आली. तिनं उसवली, पुन्हा घातली. पुन्हा वाकडी. मधोमध पाण्यात काठी बुडवल्यासारखी वाकलेली. आत्यानं मशीनवाल्याला बोलावलं आणि त्याची खरडपट्टी काढली. त्यानं मशीन उघडलं, पुसलं, तेल घातलं, फडक्यावर टाके घालून बघितले आणि म्हणाला, "आत्या, टाका सुतासारखा सरळ आहे."

"सरळ? डोळे फुटले का तुझे?"

तो बिचारा गरीब माणूस. म्हणाला, "माझे नाही हो फुटले."

मग आत्यानं एकदा हा डोळा झाकला, एकदा तो. एका डोळ्यानं शिवण सरळ होती, दुसऱ्यानं वाकडी. दाराची चौकटही वाकडी, आणि मशीनवाल्याच्या नाकाच्या जागी नुसता डाग. तो म्हणतो, त्या दिवशी पहिल्यांदा आत्यानं तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा आतला फोटो दाखवला. डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली पाणी साचलं होतं आणि पडदा फुगला होता. आत्या बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसली. मग म्हणाली, "सगळ्या गावाचे पडदे नीट केले, आणि माझाच पडदा उसवला."

नेहमीची इंजेक्शनं तर घ्यायचीच होती. शिवाय त्या दवाखान्यात एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. इंजेक्शनाच्या जोडीला रोज थेंब घालायचे. काहींच्या बाटलीत औषध, काहींच्या बाटलीत नुसतं पाणी, आणि बाटल्या मात्र जुळ्या बहिणींसारख्या. डॉक्टरीणबाईंनी हे समजावून सांगितलं तेव्हा मी शेजारीच होतो.

"मला कुठली मिळाली ते कोण सांगणार?" आत्यानं विचारलं.

"आत्ता कुणीच नाही. मलासुद्धा माहीत नसणार. अभ्यास संपला की कळेल."

"तुम्हाला नाही, मला नाही. मग माहीत कुणाला?"

"कॉम्प्युटरला."

"म्हणजे सगळ्या घरात शहाणा तो एकटाच," आत्या म्हणाली आणि तिनं सही ठोकली. सही करताना एवढंच म्हणाली, "पाणी घाला, औषध घाला. मला फक्त शिवण सरळ दिसू दे."

पुढं आक्रीत घडलं. दर तपासणीला आत्या तक्त्यावरची आणखी खालची ओळ वाचायला लागली. चांगला डोळा पट्टीनं झाकायचा आणि अधू डोळ्यानं उजेडाच्या पेटीवरची अक्षरं वाचायची, अशी ती परीक्षा. वर ढब्बू अक्षरं, खाली मुंगीएवढी. डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलायला लागला. आत्या बाहेर येऊन सगळ्या रांगेला सांगायची, "आज मुंग्यांपर्यंत पोचले!" मीही नातेवाइकांना फोन करून माझ्या आत्याच्या डोळ्याची कीर्ती वाढवत होतो.

एका दुपारी मी तिच्या घरी गेलो. आत्या पडद्याला कड्या लावत स्वतःशीच गुणगुणत होती. चाल अंगाईची आणि शब्द भलतेच: "ग न ट र प... भ म च ल द..."

"आत्या, हा कसला मंत्र?"

तिनं जीभ चावली. आणि माझ्या डोक्यात, उशिरा का होईना, प्रकाश पडला. "अगं, हा तर तक्ता! तू तो पाठ केलायस?"

"मग? पट्टी बांधायला ती मुलगी वळते ना, तेवढ्यात चांगल्या डोळ्यानं एक ओळ उचलायची. दर वेळी एक. परीक्षेला पाठ करूनच जातात."

"अगं, ही ती परीक्षा नव्हे!"

"तुला पाठांतरावरच वरच्या वर्गात ढकलला होता, तेव्हा नाही बोललास."

मग कडी खाली ठेवून म्हणाली, "डॉक्टरीण इतकी खूश होते रे. काय सांगू तिला, दिसत नाही म्हणून? काढून टाकलं मला तर?"

खरी भीती ही होती. त्या रांगेत बसलं की तिला वाटायचं, आपल्या डोळ्यासाठी कुणीतरी अजून झटतंय. तिथून नाव कमी झालं की ती नुसती एक म्हातारी, आणि मशीनवर ओढलेलं आच्छादन. मलाही तेच वाटलं. म्हणून मी तिला जो सल्ला दिला तो एखाद्या भेकड माणसाला शोभेल असाच होता. म्हटलं, "आता बोलू नकोस कुठे. इथून पुढे फक्त पाठ करू नकोस."

पुढच्या तपासणीला आत्या रांगेत बसली. मी उभाच होतो. आत्यानं मला त्या दवाखान्यात खुर्ची बंद केली आहे. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांचा एक डोळा पूर्वीच गेला होता आणि आता दुसऱ्यात तेच सुरू झालं होतं. ते आत्याला म्हणाले, "बाई, या अभ्यासात यावं की नको, माझं ठरत नव्हतं. तुम्ही गेल्या वेळी सांगितलंत ना, मुंग्यांपर्यंत पोचलात म्हणून? ते ऐकलं आणि घरी जाऊन मंडळींना म्हटलं, चला, आपलंही घड्याळ अजून बंद पडलेलं नाही. आज सही करायला आलोय."

आत्या हसली, पण ते हसू शिवण सुटल्यासारखं एका बाजूनं ओघळलं. ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "मी खिडकीचं माप खोटं सांगितलं रे. त्यावर आता हा माणूस पडदा शिवायला निघाला."

"आत्या, पण..."

"गप."

ती उठली आणि नंबर यायच्या आधीच आत घुसली. मी मागोमाग. डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहून तिनं एका दमात सांगितलं, "तक्ता मी वाचत नव्हते. पाठ म्हणत होते. आता काढायचं तर काढा, पण त्या घड्याळवाल्याला आधी खरं सांगा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आत्या, तुमचे गेल्या वेळचे आकडे बघून मी घरी जाऊन नाचले होते हो."

"मग वाया नाही गेलं. व्यायाम झाला."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना आणि राग तर आलेला, त्यामुळे चेहरा धड इकडे ना तिकडे. शेवटी म्हणाल्या, "मला हे वर कळवावं लागेल. ते काय ठरवतील, मी सांगू शकत नाही. आणि यात माझीही चूक आहे. तक्ता तुमच्यासमोर उघडा राहायलाच नको होता."

बाहेर येऊन घड्याळवाल्या काकांना आत्यानं स्वतःच सांगितलं. काका तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "म्हणजे गुण आला की नाही, तुम्हालाच माहीत नाही?"

"नाही."

"बरं झालं बोललात," काका म्हणाले. "मी सही करतो तरी. पण आता तुमच्या भरवशावर नाही, माझ्या."

निरोप येईपर्यंतचे दिवस आत्यानं मशीनला हात लावला नाही. टाचण्या डबीत, तागे भिंतीशी, आणि आत्या खिडकीत. मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंचाच फोन आला. पाठ म्हटलेल्या वाचनावर काट मारली होती. पण दर वेळी काढलेले आतले फोटो होतेच, आणि फोटोला काही पाठ करता येत नाही. त्या फोटोंत पाणी कमी होत आलं होतं. आत्यानं अभ्यासात राहायचं होतं, दर खेपेला नवा तक्ता वाचायचा होता. "आणि आत्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पट्टी बांधेपर्यंत तक्ता झाकून ठेवायला मला एक जाड पडदा हवाय. कुणी चांगला शिवणारा माहितीये का?"

आत्या माप घ्यायला स्वतः गेली. दोनदा घेतलं. काळं, दाट कापड काढलं. आच्छादन काढून मशीन उघडलं आणि दोरा मात्र पांढरा ओवला. मी म्हटलं, "काळ्याला पांढरा?"

"काळ्यावर काळं मला अजून सापडत नाही. शिवण आतल्या बाजूला राहते, कोण बघतंय?" आणि तिनं टाचण्या तोंडात घातल्या, म्हणजे विषय संपला.

पुढच्या तपासणीला पडदा घेऊन गेलो. आत्या तपासणीच्या खुर्चीत बसली. स्टुलावर चढून पडदा दांडीत ओवायचं काम माझ्याकडे, कारण तिथे बसायचा प्रश्न नव्हता. डॉक्टरीणबाईंनी आत्याच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी घट्ट बांधली, कडेनं बोट फिरवून फट नाही ना ते बघितलं. पडदा खाली सोडलेला, त्यामागे नवा कोरा तक्ता. आत्यानं साडीचा पदर मुठीत घट्ट धरला होता. तिला धीर द्यावा म्हणून मी स्टुलावरूनच विचारलं, "आत्या, तुला काय वाटतं गं, तुझ्या बाटलीत औषध असेल की नुसतं पाणी?"

आत्यानं अधू डोळा बारीक करून समोर बघितलं आणि म्हणाली, "ते मला काय माहीत, तू पडदा उलटा लावलायस, माझी सरळ शिवण बाहेर दिसतेय."