एकादशीचा खड्डा

गवताचं ताट कापून आलं की राव त्यातलं एक पेर दातांखाली धरत, डोळे मिटून रस चोखत आणि चोथा थुंकून टाकत. मग निकाल येई. "सरी," म्हणजे तमिळमधलं 'ठीक'. "गोड आहे. भरा." नाहीतर, "नुसतें पाणी. काकवी आणा."

तंजावरबाहेरच्या एका सरकारी गोठ्यावर मी टंकलेखक होतो आणि ते मुरघासाच्या खड्ड्यांचे मुकादम. पन्नासचं दशक सरत आलं होतं. त्यांचं पूर्ण नाव हजेरीपटावर होतं, पण आम्हां मराठी घरांतल्या पुरुषांना गाव रावच म्हणे, आणि पूर्ण नावावाचून त्यांचं काही अडत नसे.

उन्हाळ्यात कालवे कोरडे पडत आणि हिरवा चारा संपे. तेव्हा गाईंची सगळी भिस्त या खड्ड्यांवर. गवताचे तुकडे करायचे, खड्ड्यात तुडवायचे, वरून माती लिंपायची. त्यात गोडी कशाला हवी, असं मी एकदा विचारलं.

"इडलीचें पीठ पाहिलांत ना? तसेंच. गोडी असली तर लवकर अंबतें. अंबलें की आंतलें सत्त्व जागीं राहतें. नाही तर कुजतें, आणि गाईंच्या वाट्यास नुसता वास."

गोठ्याचे अधिकारी, आमचे साहेब, इंग्रजीत पुस्तक लिहीत होते. त्यात हेच प्रथिनांच्या नावाने सहा पानं लिहिलेलं होतं. ते मला टंकावं लागलं होतं, म्हणून ठाऊक.

त्या वर्षी रावांची निवृत्ती जवळ आली होती. धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. साहेबांनी एका वर्षाच्या मुदतवाढीची शिफारस केली होती, आणि ती मिळणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

गवत कापायचं यंत्र दुसऱ्या गोठ्यावरून एका दिवसापुरतं आलं, तो दिवस नेमका एकादशीचा. रावांची एकादशी निर्जळी. पाण्याचा थेंब नाही, तिथे गवताचा रस कुठला! मी विचारलं, "काकवी घालायची का?"

"नक्को. रंग पाहा की!"

रंग खरंच सुरेख होता, काळपट हिरवा. पण आधी दोन दिवस ऊन नव्हतं आणि शेताला खत सढळ पडलं होतं. असं गवत दिसायला देखणं आणि चवीला पाणचट, हे आम्हांला त्यांनीच शिकवलेलं. शिवाय त्यात चवळी होती, आणि चवळीत गोडी मुळातच कमी. दुसऱ्या कुणाला चाखायला सांगावं, हे त्यांना सुचलं नाही. खरं सांगायचं तर आम्हांलाही नाही.

उन्हाळ्यात खड्डा उघडला तेव्हा खवट लोण्याचा वास आला आणि डोळे चुरचुरले. गाईंनी तोंडं फिरवली. रावांनी मूठभर गवत उचललं. ते बुळबुळीत झालं होतं.

साहेब भला माणूस. मला तमिळमध्ये म्हणाले, "कडेने पाणी झिरपलं, असं अहवालात लिही."

राव माझ्याकडे वळले. "पाणी नाही झिरपलें. मी उपास केलों, चाखलों नाही. तसें लिव्हा."

"राव, मुदतवाढ? धाकटीचं लग्न?"

"पुढच्या माणसास कळायास हवें ना, कां बिघडलें तें?"

मी तसं टंकलं. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं, कोण जाणे. मला त्यांचा राग आला होता, एवढं मात्र आठवतं.

कालव्यांना पाणी आलं, नवं गवत उभं राहिलं, आणि मुदतवाढ नाकारल्याचा कागद आला. रावांना कामावरून मोकळं करण्याचा हुकूमही मलाच टंकावा लागला. त्यांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि दारातून मागे वळून विचारलं, "उद्यां खड्डा भरायाचा. चवळी जास्त आहे. काकवी मागविलांत ना?"

"मागवली," मी म्हटलं.

मागवली नव्हती. ते फाटकाबाहेर गेल्यावर मी मागणीपत्र टंकायला बसलो. साधं दोन ओळींचं पत्र. तीनदा कागद बदलावा लागला.